पाणी किती उतरलंय?

मार्चचा शेवटचा आठवडा. उजाडायला अर्धा तास आहे आणि तुम्ही लोणारच्या विवराच्या कडेवर, धारेच्या अंगाला उभे आहात. गोमुखातून पडणारं पाणी मागे वाजतंय. खाली झाडीत मोर ओरडताहेत. तळं अजून दिसत नाही, पण त्याचा वास वर आलाय, सडक्या शेवाळाचा आणि थोडा गंधकाचा. मग त्या काळोखातून नाकात बोलल्यासारखी हाक येते, आंऽग, आंऽग. चक्रवाक. अजून गेलेले नाहीत.

जायची वेळ मात्र झालीय. दिवस मोठा होऊ लागला की या पक्ष्यांच्या अंगात बदल सुरू होतात. ते हावरटासारखे खातात, कातडीखाली चरबी साठवतात, रात्री अस्वस्थ होतात. मग एखाद्या संध्याकाळी असलेला थवा सकाळी नसतो. बदकं बहुतेक रात्रीच निघतात, म्हणून त्यांचं जाणं कुणी फारसं पाहत नाही. पाहणाऱ्याच्या वाट्याला येते ती आदल्या दिवसाची धावपळ आणि दुसऱ्या दिवशीचं रिकामं पाणी.

तुम्हाला आता खाली उतरायचं आहे. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, आणि कडेपासून तळापर्यंतची खोली सुमारे 137 मीटर. आज या वाटेचा नियम एवढाच की जितकं खाली जाल तितका काळ मागे सरेल. ऋतू शक्यतो हाच राहील, फाल्गुन सरता किंवा चैत्र लागता. पक्षी मोजू नका. प्रत्येक थांब्यावर आधी एकच गोष्ट बघा: पाणी किती उतरलंय?

उजाडलं. पहिल्या टप्प्यावर अजून आजच आहे. तळं हिरवं दिसतं. स्पिरुलिनासारख्या सूक्ष्म शेवाळांनी पाणी दाट झालंय. हे पाणी खारं आणि जबर अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. पिढ्यान्‌पिढ्या यात मासा नव्हता, म्हणून मासे टिपणाऱ्यांची झुंबड इथे कधी नसायची. इथे येतात ते गाळून खाणारे आणि चिखल टोचणारे. फावड्यासारख्या चोचीचे थापटे एकमेकांच्या मागे गोल गोल पोहताहेत. एकाने ढवळलेलं दुसरा गाळतो. चक्रांग बदकांची टोळी काठाला चिकटून आहे. चिखलात शेकाटे लाल काड्यांवर चालताहेत, तुतवार शेपटी नाचवतोय, आणि गवताच्या कडेला पिवळे धोबी. त्यांच्यातल्या नरांच्या डोक्याचा रंग बघा. डिसेंबरात मळकट होता, आता उजळ आणि गडद झालाय. विणीचा पोशाख त्यांनी इथेच चढवलाय, सासुरवाडी हजारो किलोमीटर दूर आहे तरी.

आता नीट बघा, हे सगळे कुठे आहेत? तळ्याच्या मध्यावर जवळजवळ कुणी नाही. सगळी गर्दी काठाच्या अरुंद पट्ट्यात, आणि त्यातही धारेचं गोडं पाणी वाहत येऊन खाऱ्या पाण्याला मिळतं तिथे. गोड्या पाण्यात चोच धुता येते, पिसं भिजवता येतात आणि पिताही येतं. शेकाट्याचे पाय लांब असले तरी त्याला घोटाभर पाण्यात चालत खायचं असतं. तुतवाराला तेवढंही चालत नाही, त्याला ओला चिखलच लागतो. ‘पक्षी पाण्यावर येतात’ असं आपण म्हणतो, पण लोणारपुरतं तरी ते काठावर येतात.

हा काठ एका जागी राहत नाही. विवराचा तळ परातीसारखा आहे, मध्ये सपाट आणि बाजूला एकदम चढ. पाणी थोडं उतरलं की सपाटीवर चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. थोडं चढलं की ते थेट चढाला, झाडीला भिडतं आणि पट्टा संपतो. अलीकडच्या पावसाळ्यांनंतर तळं चढलंय, काठावरच्या काही देवळांत पाणी शिरलंय, कमळजा देवीच्या आवारापर्यंत ते पोचलंय. पर्यटकाला भरलेलं तळं छान वाटतं. तुतवाराला विचारा.

चार पावलं खाली. इथे ऋतूचा नियम मोडतो, कारण 2020चा जून चुकवून पुढे जाता येणार नाही. तळं गुलाबी आहे. टाळेबंदीचा काळ, तरी वर कडेवर मोबाइल उंचावलेले हात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पुढे नमुने तपासून सांगितलं की हा रंग मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा, हॅलोआर्किआंचा. उन्हाळ्याने पाणी आटलं, खारेपणा वाढला, आणि रंगद्रव्य बाळगणारे हे जीव फोफावले. तुम्ही मात्र रंग बघू नका, काठ बघा. केवढा रुंद! आणि त्यावर जवळजवळ कुणी पाहुणा नाही. थापटे एव्हाना उत्तरेच्या गवताळ दलदलीत अंडी उबवताहेत. चिखलावर इथलेच रहिवासी, टिटव्या आणि शेकाटे, आपापल्या पिलांसाठी तुमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालताहेत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लोणार पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत गेल्याची बातमी आली. महाराष्ट्रातून त्याच्या आधी एकच पाणथळ तिथे होती, नांदूरमधमेश्वर.

पुढे 1960चं दशक. इथे लोणारमध्ये बघण्यासारखं फार नाही, पण दूर भरतपूरच्या पाणथळीवर सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची माणसं हजारो पक्षी जाळ्यात धरून त्यांच्या पायात अॅल्युमिनियमच्या कड्या अडकवताहेत. पैसा जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. पक्ष्यांबरोबर रोगाचे विषाणू देशोदेशी फिरतात का, हा त्यांचा प्रश्न. आपल्याला उत्तर वेगळंच मिळालं. सोव्हिएत देशांतल्या शिकाऱ्यांनी मारलेल्या बदकांच्या पायांत मुंबईचा पत्ता निघू लागला आणि नकाशावर रेघा उमटल्या. आज ते काम उपग्रहाला जोडलेली छोटी यंत्रं करतात. अशाच एका अभ्यासात चक्रवाक हिमालय ओलांडताना 6,800 मीटरपर्यंत चढल्याची नोंद आहे. एव्हरेस्टच्या तळछावणीहून कितीतरी उंच, आणि तोंडाला प्राणवायूची नळी नाही. खाली काठावर दोन पायांवर डुलत चालणारं ते नारिंगी बदक बघून हे पटत नाही, हे खरंय.

उतार सरळ होतो, झाडी बदलते. वेडी बाभूळ दिसेनाशी झाली, परदेशातून आलेलं ते झुडूप अजून इकडे पोचलेलं नाही. हे 1823 साल. वऱ्हाड निजामाच्या राज्यात आहे. अलेक्झांडर नावाचा एक इंग्रज अधिकारी इथे येऊन गेलाय. या खड्ड्याची युरोपीय वाचकांना ओळख करून देणाऱ्या पहिल्या नोंदींपैकी एक त्याची. त्याला आणि त्याच्यानंतरच्या कित्येकांना हा ज्वालामुखीचा खड्डा वाटणार आहे. 1896 साली गिल्बर्ट नावाचा अमेरिकन भूशास्त्रज्ञ ॲरिझोनातल्या खड्ड्याशी त्याची तुलना करेल, आणि उल्काघाताचा पक्का पुरावा ‘सायन्स’ नियतकालिकात यायला 1973 उजाडेल.

तुम्ही काठ बघा. उन्हाळा लागतोय, पाणी मागे सरलंय आणि तळाच्या चिखलावर पांढरट खार फुलून आलाय. माणसं तो काढताहेत. या खाराच्या प्रती आहेत, डल्ला, पापडी, भुस्की अशी नावं आहेत. साबण आणि काच बनवणारे तो नेतात. टोपल्या घेऊन माणसं पूर्वेकडून चिखलात शिरली की पक्षी उठून पश्चिमेला बसतात. माणसं दुपारी सावलीला गेली की परत. दोघांनाही तोच उघडा पट्टा हवाय, हे बघून तुम्हाला कदाचित गंमत वाटेल. पट्टा रुंद आहे, दोघांनाही पुरतो.

हे पक्षी जातात कुठे, हे या घडीला युरोपातही धड ठाऊक नाही. पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या गाळात झोपतात असं मानणारे विद्वान आहेत. आदल्याच वर्षी, 1822मध्ये, जर्मनीच्या मेक्लेनबुर्ग भागात एक पांढरा करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत आफ्रिकेतला भाला आरपार होता आणि तसाच तो घरी परतला होता. करकोचे आफ्रिकेत जातात याचा इतका धडधडीत पुरावा त्याआधी कुणाच्या हातात पडला नव्हता. आपल्याकडे हंस मानस सरोवराकडे जातात हे कालिदासाला चांगलं ठाऊक होतं. फक्त त्याने ‘मेघदूता’त त्यांना आषाढाच्या ढगाबरोबर पाठवलं. आपल्याकडे हिवाळ्याला येणारे पट्टकादंब हंस एप्रिलच्या सुमारासच निघून जातात. कवीला दोन-तीन महिने माफ.

1600च्या आसपास फार रेंगाळू नका. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त लोणार आलंय, आणि तिथेही काच-साबणाला लागणाऱ्या इथल्या मालाची नोंद आहे. म्हणजे बादशहाच्या दप्तरालाही काठाचाच हिशेब हवा होता. त्याच काळात इकडे सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचं घराणं नांदतंय, 1598मध्ये जिजाऊंचा जन्म झालाय, आणि मोती तलावासारखं गोड्या पाण्याचं बांधीव तळं त्या गावाला लाभलंय. थव्यांच्या दृष्टीने ही मोठी घटना आहे. वऱ्हाडच्या या कोरड्या टापूत एक खारं तळं होतं, त्याच्या जोडीला गोडं आलं. आज बुलढाणा जिल्ह्यातले पाणपक्षी लोणारवर अवलंबून नाहीत, खडकपूर्णेच्या संत चोखासागरापासून पेनटाकळीपर्यंत धरणांचं पाणी त्यांना आहे. त्या साखळीतले जुने दुवे असे चारशे वर्षांपूर्वीचे.

आता पाय जपून टाका, काळ भराभर मागे जातोय. तेरावं शतक, देवगिरीचे यादव. वर गावात दैत्यसूदनाचं देऊळ उभं आहे. लवणासुराला विष्णूने मारलं, त्याच्या बिळाचा हा खड्डा, अशी कथा यात्रेकरू एकमेकांना सांगताहेत. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लोणारच्या मुक्कामाच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त आहेत, तेव्हा धारेवर भेटलेल्या कुणाही शांत माणसाकडे दोनदा बघा.

पाणी बघितलंत? फारच कमी आहे. तळ्यात शास्त्रज्ञांनी जो गाळ नळीने उपसला, सुमारे दहा मीटर लांबीचा आणि अकरा हजार वर्षांचा, त्यात दोन मोठ्या अवर्षणांच्या खुणा मिळाल्या. त्यातलं अलीकडचं सुमारे 2,000 वर्षांपूर्वीपासून 600 वर्षांपूर्वीपर्यंतचं. म्हणजे यादवांची देवळं आणि महानुभावांचा आरंभ हे सगळं मान्सूनच्या एका लांबलेल्या कमजोर काळात पडतं. दर वर्षी दुष्काळ होता असं नव्हे, पण तळं आजच्यापेक्षा बरंच उतरलेलं असणार. म्हणून या थांब्यावर मुक्काम करा, अगदी रात्रभर.

अंधार पडताच चक्रवाक बोलू लागतात. रात्री या जोडप्याची ताटातूट होते आणि ती दोघं दोन काठांवरून एकमेकांना हाका मारत राहतात, असा संस्कृत-प्राकृत कवींचा संकेत आहे, आणि या शतकातला जाणता मराठी श्रोताही तो ओळखतो. तुम्ही चांदण्यात बसून खातरजमा करून घ्या. ती दोघं एकत्रच आहेत, चिखलात शेजारी शेजारी चरताहेत. रात्री चरणारे पक्षी आवाजाने एकमेकांचा अदमास ठेवतात, विरह वगैरे काही नाही. पण उतरलेल्या तळ्याच्या रुंद चिखलावर शंभर पावलांच्या अंतराने दोन हाका आल्या, तर ऐकणाऱ्याला मध्ये नदी आहे असं वाटेलच. मला हा संकेत चुकीचा ठरवायला जिवावर येतं. निदान त्या कवींनी रात्री काठावर बसून ऐकलं होतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

मध्यरात्रीनंतर एक मोठा थवा उठतो. पंखांचा सरसर आवाज, दोन फेऱ्या, विवराच्या कडेवरून उत्तरेला. वाऱ्याची साथ आहे. ध्रुव समोर आहे. रात्री उडणारे पक्षी ताऱ्यांचा आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेतात हे तुम्हाला माहीत आहे. इथे कुणाला माहीत नाही, आणि थव्याचं त्यावाचून अडलेलं नाही.

चार हजार वर्षांपूर्वी. दुसरं, त्याहून जुनं अवर्षण, 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचं. याच सुमारास दूर सिंधू खोऱ्यातली शहरं ओस पडत होती. दोहोंत किती नातं, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. लोणारचं पाणी इतकं खारट झालंय की गाळात गेलुसाइटचे स्फटिक बनताहेत. तळं आटून दाट खारं झाल्याची ती खूणच. काठ प्रचंड रुंद, आणि तुम्ही आशेने दुर्बीण लावता. पण थापटे नाहीत, चक्रांग मोजकी. एवढ्या खाऱ्यात त्यांचं खाणंच उरलेलं नसावं. हा थांबा माझ्या आवडत्या म्हणण्याला खो घालतो आणि ते बरंच आहे. नुसता काठ पुरत नाही, काठावर जिवंत चिखल लागतो. फार भरलेलं तळं जसं पक्ष्यांना नकोसं, तसंच फार आटलेलंही. पण गोड्या झऱ्याच्या मुखाशी बघा. धार वाहत असेल, सीतान्हाणीच्या झऱ्याशी ओल असेल, तर तिथे चार-दोन तुतवार असतीलच.

पंचवीस हजार वर्षांपूर्वी थव्यांपेक्षा वर कडेकडे बघा. आकाशाच्या रेषेवर जे उंच मानेचं चाललंय ते शहामृग आहे. चेष्टा नाही. इथून फार लांब नसलेल्या जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे उत्खननात त्या काळाच्या सुमाराचे शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे मिळाले, त्यातल्या एकावर माणसाने कोरलेली नक्षीही आहे. हिमयुग चालू आहे. तिबेटच्या माथ्यावर थंडी आजच्यापेक्षा जास्त, सायबेरियाची दलदल गोठलेली. चक्रवाकांना आज जिथे वीण करता येते त्यातल्या बऱ्याच जागा तेव्हा बर्फाखाली किंवा वाळवंटी असणार. म्हणजे आपण ज्याला ‘युगानुयुगांचा मार्ग’ म्हणतो, तो या पक्ष्यांनी पुन्हा पुन्हा नव्याने बेतलाय. बर्फ मागे गेला की थोडं उत्तरेला, पुढे आला की दक्षिणेला. त्यांचाही काठ सरकत होता, फक्त तो हजार किलोमीटरनी.

शेवटचा उतार. तळ कुठवर मागे न्यायचा हा वादाचा प्रश्न आहे. एका पद्धतीने विवराचं वय सुमारे 52 हजार वर्षं येतं, तर आघातात वितळलेल्या काचेच्या आर्गॉन मोजणीने सुमारे 5 लाख 70 हजार. मी दुसऱ्या आकड्याकडे झुकतो. तुम्हाला पहिला हवा असेल तर थोडं आधी थांबा, दृश्य तेच दिसेल. साडेसहा कोटी वर्षांच्या काळ्या बेसाल्टचं सपाट पठार, कुठे ओढा, कुठे गवत. खड्डा नाही, तळं नाही, काठ नाही. वरून बदकांचा एक थवा उत्तरेकडे जातोय, खाली न बघता. त्यांना थांबण्यासारखं इथे काही नाही. मग तो दगड येतो. तुम्ही तो बघायला उभे राहू नका, काही सेकंदांत संपणारं काम आहे आणि कानठळ्या बसतील.

तिथून थेट आजमध्ये या. चढताना थांबे नाहीत, फक्त दम लागेल.

वर आल्यावर एक काम करायचं आहे. आशियाई पाणपक्षी गणना 1987पासून दर जानेवारीत होते, आणि आपल्याकडचे पक्षीमित्र तिच्यासाठी पहाटे तळी गाठतात. जानेवारीत किती आले ते कळतं. मार्चमध्ये कोण किती दिवस थांबलं, कोण कधी निघालं, याच्या नोंदी त्या मानाने फार तोकड्या असतात. आणि जिथे नोंदी असतात तिथेही बहुधा पक्ष्यांचा आकडा असतो, पाण्याचा नसतो. ‘शेकाटे 40’ एवढंच लिहिलं, तर पुढच्या वर्षी 10 दिसल्यावर काय समजायचं? पक्षी कमी झाले, की चिखल बुडाला?

म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये लोणारला या, वनखात्याच्या वाटेनेच उतरा, टिटवी डोक्यावर ओरडायला लागली की दोन पावलं मागे व्हा, आणि ई-बर्डवर यादी टाकताना टिपणाच्या रकान्यात पहिली ओळ पाण्याची लिहा. देवळाची कोणती पायरी उघडी आहे, कोणती बुडाली आहे, धारेच्या मुखाशी चिखल किती पावलं रुंद आहे. पक्षी त्याच्या खालच्या ओळीत.